टेबलाखालच्या चपला

पेन खाली पडलं म्हणून मी वाकले आणि तशीच थबकले. आमच्या रांगेतल्या दुसऱ्या एकाही टेबलाखाली चपला नव्हत्या.

आमच्या ऑफिसात प्रत्येकाची एक जुनी जोडी टेबलाखाली असायचीच. आल्याबरोबर बूट-सँडल काढायचे, चपलांत पाय सरकवायचे, मग काम. गेल्या महिन्यात नव्या साहेबांनी आमच्यातल्या सावंतांना दुपारी केबिनमध्ये बोलावलं आणि त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं. इतक्या वर्षांचं सामान ते पिशवीत कोंबत होते आणि वॉचमन शेजारी उभा होता. कुणी जागचं उठलं नाही. मीही नाही.

"ताई, तुमच्या चपला?" मी शेजारच्या शिंदेताईंना हळूच विचारलं.

"घरी नेल्या," स्क्रीनवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "निघायची वेळ आलीच, तर पसारा नको."

उद्या परत यायची खात्री असते, तिथेच माणूस चपला ठेवून जातो. मी पायानेच माझ्या चाचपल्या. होत्या.

संध्याकाळी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पण बॅगेची चेन लागेना. शिंदेताई उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी बॅग दाबून धरली.