तळघरातली ‘अभ्यासिका’

“मॅडम, ती मोरी काढून टाका. आणि तो पंपपण.”

निखिल माझ्या एस्टिमेटवर पेन्सिल फिरवत होता. आम्ही त्याच्या नव्या रो-हाऊसच्या बेसमेंटमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर बसलो होतो. घर ठाण्याला, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला. खाली त्याला होम बार हवा होता. मी डोंबिवलीची इंटिरियर डिझायनर. वीसेक वर्षं हेच काम करतेय आणि बार पुष्कळ केलेत. मोरीशिवाय बार मात्र आजवर कुणी मागितला नव्हता.

मी समजावून सांगितलं. बारमध्ये बर्फ वितळतो, ग्लास धुवावे लागतात, म्हणजे पाणी जायला वाट हवी. बेसमेंटची जमीन बाहेरच्या ड्रेनेजच्या चेंबरपेक्षा खाली असते आणि पाणी काही आपणहून वर चढत नाही. म्हणून कोपऱ्यात एक खड्डा करायचा, मोरीचं पाणी त्यात सोडायचं आणि तिथून पंपाने वर फेकायचं. त्या खड्ड्याला आम्ही सम्प म्हणतो. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असलेल्या माणसाला कळायला यात अवघड काही नव्हतं.

“ते कळलं हो,” तो म्हणाला. “पण अभ्यासिकेत मोरी कशी दाखवू?”

“कुठली अभ्यासिका?”

मग त्याने लॅपटॉप उघडला. माझ्या एस्टिमेटवरून त्याने स्वतःचं एक बजेट तयार केलं होतं. बार काउंटरच्या जागी लिहिलं होतं ‘वाचन-टेबल, उंच’. बाटल्यांच्या डिस्प्लेचं झालं होतं ‘ग्रंथ-कपाट, काच व लाइटसह’. वाइन चिलरपुढे लिहिलं होतं ‘पुस्तकांसाठी आर्द्रता नियंत्रण’. हे वाचून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. आपण फार हुशारी केलीय असा भाव होता चेहऱ्यावर.

हे बजेट त्याच्या वडिलांसाठी होतं. नाना कल्याणला राहत, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. पत्नी गेल्यावर एकटेच होते. संध्याकाळी ते आपल्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत आसपासच्या मुलांना शिकवत, कुणाकडून एक पैसा न घेता. निखिल त्यांना ठाण्याला या म्हणत होता आणि ते मुलांना सोडून यायला तयार नव्हते. शेवटी निखिलने शब्द दिला, की नव्या घरात खाली तुमच्यासाठी अभ्यासिका बांधतो. सोसायटीच्या वॉचमनची, कामवाल्या बायकांची मुलं येतील, तुम्ही शिकवा. यावर नाना विरघळले. त्यांनी कल्याणचा फ्लॅट विकायला काढला आणि इंटिरियरचा खर्च मी करतो म्हणाले.

म्हणजे बाप घर विकून अभ्यासिकेचे पैसे देणार होता आणि मुलगा त्यात बार बांधणार होता. मला दारूचं काही नाही. माझ्या क्लायंटांपैकी निम्मे पितात आणि उरलेले पाहुण्यांसाठी ठेवतो म्हणतात. पण हे ऐकून मला किळस आली, आणि ती मी लपवली नाही.

“माझ्या लेटरहेडवर मी बारला बारच म्हणणार,” मी सांगितलं.

“म्हणा ना. ते नाना कुठे बघतायत? त्यांना माझी शीट पाठवली की झालं. ते आले की हळूहळू सांगेन त्यांना. ॲडजस्ट होतील.”

“आणि वॉटरप्रूफिंगला हात लावलात तर मी हे काम घेणार नाही. डोंगराचं पाणी भिंतीतून आत येतं.”

ते त्याने राहू दिलं. अभ्यासिकेच्या भिंतीही कोरड्या लागतात, ते शीटमध्ये शोभत होतं. मोरी, नळ आणि पंप यांना मात्र त्याला साजेसं नाव सुचेना. जे शीटमध्ये खपवता आलं नाही ते त्याने सरळ उडवलं.

“मग बर्फाचं पाणी कुठे टाकणार?”

“बादली ठेवू.”

आता या बजेटचा थाट ऐका. काउंटरला ऑनिक्स, म्हणजे खालून लाइट लावला की उजळणारा महागडा दगड. वरपासून खालपर्यंत पितळी फिटिंग. स्टुलं अशी, की त्यातल्या दोनांच्या किमतीत सम्प आणि पंप दोन्ही झाले असते. आणि एवढ्या सगळ्याच्या मागे कोपऱ्यात प्लास्टिकची बादली. पाहुणे गेले की मॅनेजरसाहेब ती उचलून जिना चढणार आणि वरच्या संडासात ओतणार. लोकांचं बजेट असंच असतं. जे फोटोत येतं त्याला पैसा असतो. पाइप फोटोत येत नाही, म्हणून पाइपच्या वेळी सगळ्यांना काटकसर आठवते.

काम सुरू झालं. टाइल्स बसल्या, काउंटर उभा राहिला, लाइट लागले. निखिल संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचा आणि मित्रांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. वडिलांना त्याने एकदाही साइटवर आणलं नाही. धूळ फार आहे, तुम्हाला खोकला होईल, असं सांगत राहिला.

एका सकाळी नाना स्वतःच आले. निखिल ऑफिसला होता, मी खाली सुताराशी बोलत होते. पांढरा शर्ट, काखेला शबनम, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. त्यांनी नाव सांगितलं. सुताराला मी चहाला पाठवलं.

नाना सावकाश फिरले. कपाटाची काच सरकवून बघितली. चिलर उघडून आतल्या बाटल्या आडव्या ठेवायच्या खाचांकडे बराच वेळ बघत राहिले. मग स्टुलावर चढून बसले आणि त्यांचे पाय आपोआप खालच्या पितळी दांडीवर टेकले.

“फ्लॅटचा व्यवहार झाला काल,” ते म्हणाले. “किल्ल्या देऊन आलो.”

माझ्याने राहवेना. मी म्हटलं, “नाना, तुम्ही मला विचारलंत तर मी खरं काय ते सांगेन.”

“म्हणून तर विचारत नाही.” त्यांनी काउंटरवरून हात फिरवला. “आयुष्यभर मी मुलांची गृहपाठ न केल्याची कारणं ऐकली, मॅडम. वाचायला बसणारा माणूस पाय टेकायला पितळी दांडी मागत नाही, एवढं मला कळतं.”

ते चिडतील, निखिलला फोन लावतील, असं मला वाटलं होतं. त्यांचा आवाज मात्र वर्गात शिकवताना असावा तसा होता. डोळे तेवढे भरले होते. त्यांनी शबनममधून निखिलच्या शीटची प्रिंट काढली, घडी उलगडली आणि माझ्यापुढे ठेवली.

“हे त्याने मला लेखी दिलंय. वाचन-टेबल, ग्रंथ-कपाट. या शब्दांवर मी माझं घर विकलं. आता शब्द त्याचे आहेत आणि पैसे माझे. तेव्हा ही अभ्यासिकाच आहे.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “मोरी दिसत नाही कुठे?”

“माझ्या एस्टिमेटमध्ये होती. निखिलने काढायला लावली.”

“का?”

“अभ्यासिकेत मोरी कशाला, म्हणाला.”

“मुलं वडापाव खाऊन तशाच हातांनी पुस्तकं धरणार का? घाला परत. खर्च मी देतो.”

बसवलेल्या टाइल्स फोडाव्या लागल्या, त्यामुळे खर्च दुप्पट आला. नानांनी कुरकुर केली नाही. कुरकुर निखिलने केली, तीही फोनवर. मी नानांना काही बोलले का, असं त्याने दरडावून विचारलं. मी म्हटलं, त्यांना अभ्यासिकेत मोरी हवी होती, ती मी घातली. तो एकदम खूश झाला. म्हणाला, बरंच झालं, बादली वाचली. नानांना काही कळलं नाही, उलट आपलाच फायदा झाला, असं त्याला वाटलं. एवढा शिकलेला माणूस इतका ठार आंधळा असू शकतो हे बघून मला त्याची दयासुद्धा आली नाही.

वास्तुशांतीला मी गेले होते. दारात टेम्पो उभा होता आणि दोन हमाल पुस्तकांचे खोके खाली नेत होते. शब्दकोश, इतिहासाची जाडजूड पुस्तकं, शाळेच्या मासिकाचे जुने अंक. बाटल्यांसाठी केलेल्या कपाटात ती एकापाठोपाठ एक बसत गेली. कप्पे उंच असल्याने शब्दकोशही उभे राहिले. नातेवाईक, सोसायटीची मंडळी, निखिलचा बॉस, सगळे जमल्यावर नानांनी सांगितलं की माझ्या मुलाने माझ्यासाठी ही अभ्यासिका बांधली आहे, रोज संध्याकाळी उघडी राहील, रविवारी दिवसभर, ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी पाठवावी. टाळ्या वाजल्या. बॉसने सगळ्यांदेखत निखिलच्या पाठीवर थाप मारली. निखिल हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता आणि प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता. दुसरं तो काय म्हणणार होता?

पुढे काही महिन्यांनी पंपाच्या सर्व्हिसिंगसाठी माणूस घेऊन गेले. ऑनिक्सच्या उजेडात मुलं शुद्धलेखन लिहीत होती. चिलरमध्ये त्यांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. नाना मला बघून हसले, पण कल्याणच्या मुलांचं विचारलं तेव्हा समोरची वही तपासायला लागले. ती मुलं इथवर येऊ शकत नाहीत. त्याची भरपाई कुठल्याच बजेटमध्ये बसत नव्हती. निखिल वर स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून पितो, असं त्याच्या बायकोने मला जाताना सांगितलं.

मी यातून एक व्यावहारिक गोष्ट शिकले. आता कुणी बेसमेंटचं बजेट मागितलं की दगड आणि लाइटच्या आधी मी विचारते, हे बजेट घरात कोण कोण वाचणार आहे? उत्तर द्यायला माणूस अडखळला, तर मी ॲडव्हान्स जास्त घेते आणि मोरी आधीच बांधून टाकते.