रेफिकच्या बंदुकीचा दस्ता

उना नदीच्या काठी ब्रेझिक गावात शेफ्किया नावाचा सुतार राहतो. दारं-खिडक्या, जिने, कुणाच्या सुनेची कपाटं अशी कामं वर्षभर असतात. उन्हाळा जवळ आला की मात्र तो दुसरं सगळं बाजूला सारून शवपेट्या करतो. तीस वर्षांपूर्वीच्या युद्धात नाहीसे झालेल्यांची हाडं आजही कुठल्या तरी शेतात, विहिरीत सापडतात. ओळख पटलेल्यांना जुलैत एकत्र पुरतात, आणि त्या सगळ्यांच्या पेट्या शेफ्कियाच्या हातच्या. हाडांचं वजन ते किती! चार फळ्या खिळवल्या तरी पुरतं. तरी तो एकेक फळी रंधून गुळगुळीत करायचा. कुणी विचारलं, की म्हणायचा, "आतल्याला बोचायला नको."

त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ रेफिक मात्र कुठे सापडला नव्हता. हाडांशी ताडून बघायला शेफ्कियाने रक्त देऊन ठेवलं होतं. आई वाट बघता बघता गेली. रेफिकची बायको जेविदा शेजारच्याच घरात शिवणकाम करून राहत होती. रेफिक नाहीसा झाला तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तिच्या. माहेरच्यांनी पुष्कळ समजावलं, पण दुसरं लग्न तिने केलं नाही. "नवरा असताना?" एवढंच ती विचारायची.

एका पावसाळी सकाळी नेजाद शेफ्कियाच्या कारखान्यात आला. हा पाणी तापवायचे बंब दुरुस्त करतो. चाळिशीला टेकलाय, पण रविवारी लष्करी कपडे चढवून जुन्या वीटभट्टीत मित्रांशी लढाई खेळतो. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका आणि प्लास्टिकच्या मटाराएवढ्या गोळ्या.

"काका, एक गंमत आणलीय," म्हणत त्याने पोत्यातून बंदुकीचा लाकडी दस्ता काढला. नुसतं लाकूड. नळी नाही, गोळी भरायचा बोल्ट नाही, लोखंडाचा तुकडा नाही. कोंबड्यांच्या शिटेने एक बाजू पांढरी झालेली.

"आमच्या वेळी फुकट गोळ्या मिळायच्या, तेव्हा तू शाळेत होतास," शेफ्किया म्हणाला. "आता पदरचे पैसे घालून मरायला जातोस होय?"

"मरतो आणि घरी जाऊन जेवतो, काका. बायको म्हणते, तिथेच राहिलास तरी चालेल." नेजाद हसला. "ऐका ना, माझ्याकडे खेळातली जर्मन रायफल आहे. तिचं प्लास्टिक काढून ह्यात तिचा सांगाडा बसवायचाय. फक्त सांगा, हा दस्ता जर्मन आहे की आपल्याकडचा?"

विचारायला तो योग्य माणसाकडे आला होता. तरुणपणी सैन्यात सक्तीची नोकरी करताना शेफ्कियाला शस्त्रागारात बसवलं होतं, फुटलेले दस्ते सांधायला. त्याने हातातली पटाशी ठेवली, लाकूड उजेडाकडे धरलं.

"जर्मन असता तर इथे मागच्या बाजूला लोखंडी चकतीचं भोक असतं. ते नाही. हा आपल्याकडच्या बंदुकांच्या कारखान्यातला, महायुद्धानंतरचा, अठ्ठेचाळीसचा नमुना. बोल्टची दांडी वाकडी, म्हणून इथे हा खळगा. आणि ह्याचं पोट जर्मनपेक्षा आखूड. तुझा सांगाडा बसायचा नाही. पुढून खरवडावं लागेल."

"खरवडाल?"

 शेफ्कियाचा अंगठा दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे मूठ धरतात त्या बारीक भागावर, थांबला होता. मळाखाली एक पाचर होती. त्याने ओल्या फडक्याने ती जागा पुसली. अक्रोडाच्या तपकिरी लाकडात बोटभर लांबीचा जांभळट तांबडा तुकडा. आलुबुखाराचं लाकूड. त्याचं एक टोक शेफ्कियानेच तेव्हा तिरकं कापलं होतं, कारण पटाशी बोथट होती आणि रेफिक डोक्यावर उभा राहून "आटप, आटप" करत होता.

युद्ध सुरू झालं त्या वसंतात गावच्या पहाऱ्याला जुन्या बंदुका वाटल्या होत्या. रेफिकची बंदूक पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरवरून पडून दस्त्याच्या मनगटात तडकली. सुकं अक्रोड घरात नव्हतं. अंगणातल्या वठलेल्या आलुबुखाराची फांदी होती. "शोभतंय बघ," रेफिक म्हणाला होता, "बंदुकीलाही दागिना." दुसऱ्या आठवड्यात शेफ्किया आईला, जेविदाला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन डोंगरापलीकडे गेला. रेफिक मागे राहिला.

"हा कुठून आणलास?" शेफ्कियाने विचारलं.

त्याचा आवाज ऐकून नेजादचं हसू गेलं. "पलीकडच्या काठच्या स्ताना आजींकडून. बंब दुरुस्त करायला गेलो होतो. खुराड्याच्या दाराला टेका म्हणून लावलेला. मागितला, तर म्हणाल्या ने. काका, काय झालं?"

"राहू दे माझ्याकडे," शेफ्किया म्हणाला. नेजाद पोतं तिथेच टाकून निघून गेला.

स्तानाचा नवरा गोय्को आणि रेफिक एकाच लाकूड गिरणीत कामाला होते, एका संघात फुटबॉल खेळायचे. युद्धात गोय्को दुसऱ्या बाजूला गेला. पुढे तो दारूने मेला. शेफ्किया पूल ओलांडून गेला तेव्हा स्ताना ओट्यावर घेवडा निवडत होती. त्याच्या काखेतला दस्ता बघून तिचे हात थांबले.

"वहिनी," तो म्हणाला, "हा माझ्या भावाचा आहे."

"गोय्कोला रस्त्यात सापडला होता."

"वहिनी."

 ती उठली, आतून कॉफी करून आणली, आणि त्याच्यासमोर ठेवली.

"पकडलेले चौघे होते," ती म्हणाली. "टेकडीवरच्या चुन्याच्या भट्टीपाशी नेले. गोय्कोला ट्रॅक्टर चालवायला लावला होता. त्याने गोळी झाडली नाही. निदान मला तसं सांगितलं. तिघे तिथेच राहिले, भट्टीच्या खड्ड्यात. तुमचा रेफिक पळाला. उतारावरून थेट पाण्यात. काठावरून मागे गोळ्या घातल्या."

"लागली?"

"कुणी बघितलं? वर आला नाही एवढंच गोय्कोने सांगितलं. पकडताना काढून घेतलेली बंदूक ट्रॅक्टरवर राहिली होती. लोखंड त्याने नदीत फेकलं, लाकूड घरी आणलं. मी म्हटलं, जाळ. म्हणाला, ह्याला हात लावायचा नाही. तो गेल्यावर... खुराड्याचं दार सारखं उघडायचं, भाऊ. कोल्हा यायचा."

"तीस वर्षं, वहिनी. जेविदा ह्याच बाजारात येते. तुम्ही तिच्याकडून पडदे शिवून घेतलेत."

"माझा मुलगा परदेशात, लिंझला आहे. त्याची मुलं आहेत. त्यांच्या आजोबांचं नाव निघेल." तिने तोंड झाकायला एप्रन वर ओढला. "जा, सांगा कुणाला सांगायचं ते. मला आता भीती वाटायचीही ताकद नाही."

घरी परतताना शेफ्कियाला एक गोष्ट लख्ख दिसत होती. खड्ड्याची जागा सांगितली तर तीन घरांना त्यांची माणसं मिळतील. जेविदाला काही मिळणार नाही. तिच्यापासून लपवावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण तिच्या दारात उभा राहिला आणि सगळं, जसं ऐकलं तसं, सांगून टाकलं.

जेविदाने दस्ता मांडीवर घेतला. पाचरीवरून बोट फिरवलं. रडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे खड्ड्यात नाही तो," ती म्हणाली. "भाऊजी, त्याला पोहता येत होतं. पुलावरून उड्या मारायचा, आठवतंय ना?"

"जेविदा, एप्रिल होता. डोंगराचा बर्फ वितळून नदीत येतो तेव्हा."

"पलीकडे निघाला असेल. डोक्याला मार लागून विसरलाही असेल माणूस. होतं असं."

शेफ्कियाने जागा कळवल्यावर बेपत्ता माणसं शोधणाऱ्या कचेरीने शरदात भट्टी खणली. तिघेच निघाले. तीन आयांपैकी एक जिवंत होती. तिने शेफ्कियाचे दोन्ही हात धरून मुके घेतले, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिघांच्या पेट्या त्याने रंधल्या. पुढच्या जुलैत, दफनाच्या दिवशी, जेविदाने रीतीप्रमाणे मयताचा हलवा घरोघर वाटला, आणि बायका चमकून बघत राहिल्या, कारण ती सणासारखं नवं पोलकं घालून आली होती.

शेफ्कियाला तिची ही आशा सोसेना. त्याने तिला सांगितलं, मृतदेह नसला तरी माणसासाठी मयताचा नमाज पढता येतो, आपण रेफिकसाठी पढून घेऊ.

"जित्या माणसाला पुरताय?" ती कडाडली. "तुम्हाला सुटका हवीय! शेजारी माझं तोंड बघायला लागतं, त्याची!"

"हो, हवीय," शेफ्किया म्हणाला. "मी म्हातारा झालो, जेविदा. त्याच्यासाठी एकदा तरी रडू दे मला."

तिने दार लावून घेतलं. हिवाळ्यात एका शुक्रवारी मशिदीत इमामाने रेफिकचं नाव घेऊन नमाज पढवला. मागे मोजकी माणसं उभी होती. नेजादही होता, शेवटच्या ओळीत, मान खाली घालून. बर्फ पडत होता तितके दिवस जेविदा शेफ्कियाशी बोलली नाही. त्याच्या बायकोने कुंपणावरून दिलेली पिता, म्हणजे सारण भरून भाजलेली पोळी, मात्र घ्यायची आणि थाळी धुऊन परत ठेवायची.

बर्फ वितळायला लागल्यावर ती आपणहून कारखान्यात आली. "कुठे ते?" तिने विचारलं. "जिथे पाण्यात उडी मारली. मला दाखवा."

भट्टीखालच्या उतारावरून तिला हाताला धरून त्याने काठावर नेलं. उना फुगून हिरवीगार धावत होती. जेविदाने बूट काढला, मोजा काढला, एका दगडाला धरून पाय पाण्यात घातला. शेफ्किया आडवा हात धरून उभा राहिला, घसरली तर म्हणून. तिने पाय तसाच ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले. शेवटी राहवेना, तिने पाय वर घेतला आणि दोन्ही हातांत धरून दगडावर बसली.

"किती गार आहे हो, भाऊजी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.