पाय माझे, कारणं लोकांची

भूकंपानंतर लातुरात सगळ्यांनाच मधूनमधून जमीन हलल्यासारखं वाटायचं. त्यामुळे मला तसं वाटतं हे कुणी मनावर घेतलं नाही. आमच्या घराला नुसती भेग गेली होती. किल्लारीकडचं ऐकल्यावर आपल्या पायांतल्या मुंग्यांबद्दल बोलायचीही लाज वाटायची. पण मुंग्या जाईनात. डावा पाय फरफटायचा, चप्पल मागं राहायची आणि मला पत्ताच नसायचा.

"भेव शिरलंय अंगात," सासूबाई म्हणायच्या. "समद्यांचंच तसं हाय. लई इचार करू नको."

डॉक्टरांनी तेच शुद्ध मराठीत सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. नांदेडला माहेरी गेले तर आईनं दृष्ट काढली. भाऊ म्हणाला, कॅल्शियम कमी असेल. मी बारावीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, पण माझं कुणी ऐकून घेईल तर शपथ.

मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. लाल साडी विटकरी दिसायला लागली. नुसत्या भेवानं साडीचा रंग कसा बदलेल, ते सांगायला कुणी पुढं येईना. तेव्हा कुठं भावानं हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो उजेडासमोर धरले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव सांगितलं. मज्जातंतूंवरचं आवरण शरीर स्वतःच खातंय. कधी उसळेल, कधी दबेल, नेम नाही. रडू यायला हवं होतं. मला आधी हायसं वाटलं आणि मग त्या सगळ्या झोपेच्या गोळ्यांचा सणसणून राग आला.

सलाईनमधून स्टेरॉइड दिल्यावर डोळा बराचसा सुधारला. पाय काही सुधारला नाही. ऊन तर वैरीच झालं. क्लास तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रे, आणि उमरीपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. दुपारच्या बॅचला अंग तापलं की माझी नजर पुसट व्हायची, जीभ जड पडायची. लघवी तर अशी तातडीची लागायची की तळमजल्यावरच्या बाथरूमपर्यंत जाताना सगळे देव आठवायचे.

एकदा फळ्याशी झोकांडी गेली. दुसऱ्या दिवशी अहमदपूरचे एक पालक क्लासच्या मालकांकडे आले. मालकांनी मला त्यांच्यासमोरच बोलावलं. "मॅडम, हे विचारायलेत, तुम्ही पिऊन येता का?"

"मला आजार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणाले. "खुर्ची द्या. बसून शिकवते."

"बसून? पालक काय म्हणतील? समोरच्या गल्लीत दुसरा क्लास निघालाय."

"पालक इथंच बसलेत. विचारा त्यांना."

ते तिरीमिरीत म्हणताना मला टेबल धरून उठावं लागलं, त्यामुळे रुबाब काही आला नाही. मी त्या गृहस्थांकडे वळले. "विजेच्या वायरीवरचं रबर सोललं तर काय होतं?"

"शॉक बसतो. नाहीतर बल्ब लागत न्हाई."

"माझ्या अंगातल्या वायरी सोलल्यात."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "द्या की खुर्ची. पोरीला यांचंच शिकवलेलं कळतंय." मला बरं वाटतंय तोवर माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं एक जण झाडपाला देतो, मॅडम. एकदा येऊन जावा."

खुर्ची मिळाली. भांडून सकाळची बॅचही घेतली. उन्हाळ्यात मानेवर ओला टॉवेल टाकून मी पुढं बरीच वर्षं शिकवलं. उसळी आली की सुट्टी, दबली की परत क्लास. काठी हातात आल्यावर निदान पिण्याची शंका मिटली. तरी अजून कुणीतरी भेटतंच. वरपासून खालपर्यंत न्याहाळतं आणि कौतुकानं म्हणतं, "तुमच्याकडं बघून काही झालंय असं वाटतच न्हाई!" मी काठी टेकते आणि बाथरूम कुठंय ते विचारते.