जे कार्ड मी घेतलंच नाही

तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट पाहिलाय? मी आज पहिल्यांदा पाहिला.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागायला सांगलीत बँकेत गेले होते. रिपोर्टमध्ये माझ्या नावावर एक थकलेलं क्रेडिट कार्ड निघालं. असं कार्ड मी कधी घेतलंच नाही.

बँकेतले साहेब भले होते. म्हणाले, "अठराशेच रुपये हायत ताई. कशाला वाद? भरून टाका, दोन दिवसांत कर्ज मंजूर करतो."

आपल्याकडे असंच मिटवतात. मीही पैसे भरायला मोबाईल काढला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतले हळदीचे व्यापारी म्हणाले, "आवं ताई, भरलंसा की ते कार्ड तुमचंच झालं न्हवं!"

मग मी चूक दुरुस्तीची तक्रार नोंदवली. तिला पैसे पडत नाहीत, पण निकालाला तीस दिवस लागू शकतात, आणि तोवर कर्ज अडणार. मिरजेतलं ऑपरेशन सोमवारी होतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "थांबू की गं. गुडघा कुठं पळून चाललाय?"

मला हसू आलं नाही, रडूही नाही. हक्क माझा होता. महिनाभर दुखणार मात्र तिला.

तुम्ही भरले असते का ते पैसे?