पंखाचे दोन बोल्ट

रंभाताई घरत रागावल्या की बोलत नाहीत. ओठांत टाचण्या धरतात.

फुलपाड्यात आमच्या समोरचं दार त्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, आरसा आणि भिंतीवर हँगरला लटकणारे ब्लाउज. एखादी बाई बाही वाढली, गळाच मोठा झाला म्हणून कुरकुरायला लागली, की रंभाताई शांतपणे चार टाचण्या ओठांत धरतात आणि तिच्या खांद्याशी काहीतरी करत राहतात. तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी कोण भांडणार? गिऱ्हाईक आरशात बघत आपली आपणच बोलते, आणि शेवटी म्हणते, "राहू द्या, बरी दिसतेय." टाचण्या कापडासाठी कधी असतात आणि रागासाठी कधी, हे ओळखायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आतल्या खोलीत मात्र कापड नाही. तिथे विमानं.

खेळण्यातली नव्हेत. आमच्या पलंगापेक्षा लांब पंखांची, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली, पेट्रोलवर चालणारी विमानं. जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायची. हे वेड घरात आणलं सुधाकरभाऊंनी, म्हणजे रंभाताईंच्या यजमानांनी. बँकेतून निवृत्त झाले आणि रविवारी खाडीकडच्या मैदानावर विमानं उडवणाऱ्या एका क्लबात जायला लागले. एकदा सुट्या भागांचा खोका घेऊन आले. पंखाच्या आतल्या फासळ्या कापायला बसले आणि पहिल्या तीन वाकड्या कापल्या. रंभाताई दारात उभ्या होत्या.

"अहो, कागद आधी टाचून घ्या. मग कापा."

"हे ब्लाउज नाही, रंभा."

"तेच सांगतेय. ब्लाउज वाकडं कापलं तर निदान पडत नाय."

त्या दिवशी सुरी त्यांच्या हातात गेली ती गेलीच. फासळ्या त्या कटोरी ब्लाउजच्या तुकड्यांसारख्या एकावर एक ठेवून एकसारख्या करायच्या. पंखावर रंगीत प्लॅस्टिकची पातळ फिल्म बसवायची असते, ती इस्त्रीने. सिल्कच्या साडीला लागते त्यापेक्षा जरा गरम इस्त्री, कडेपासून मध्याकडे, एकही सुरकुती नाही. मी पलीकडचं टोक ताणून धरायचे. इतकं नेटकं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

पहिलं विमान सुधाकरभाऊंनी उडवलं आणि खाडीच्या चिखलात घातलं. दुसरं उडवलं आणि विजेच्या खांबावर. दोन्ही वेळा घरी येऊन म्हणाले, "माझं विमान पडलं गं." पडलं तरी त्यांचंच. ते वाईट नाहीत, मुळीच नाहीत. माझ्या सासूबाईंचं पेन्शनचं काम त्यांनी उन्हात उभं राहून करून दिलंय. पण बायकोने रात्रंदिवस बसून केलेल्या वस्तूला 'माझं' म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही, आणि याचीच मला जास्त चीड येते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तिसऱ्या विमानाचं इंजिन आलं निर्मळहून. बॅप्टिस्टकाका तिथले केळीवाले. त्यांचं गवत कापायचं मशीन मोडलं होतं, पण त्याचं पेट्रोलचं इंजिन धडधाकट होतं. रंभाताईंचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं. वडिलांच्या पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या. त्यांनी दोरी ओढली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "मना हेच पायजे." वसईच्या एका लेथवाल्याकडून नाकावरचा फिरता पंखा बसवायची चकती करून घेतली. इंजिन पहिल्यांदा गच्चीवर सुरू झालं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर आले होते. त्यांना वाटलं, धूरफवारणीवाले आले.

नाकात हे वजनदार इंजिन घातल्यावर रंभाताईंनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचललं. नाक खाली गेलं. बॅटरी जरा मागे सरकवली. पुन्हा उचललं. पुन्हा सरकवली. शेवटी एका संध्याकाळी ते त्यांच्या दोन बोटांवर आडवं, अगदी स्थिर राहिलं. सुधाकरभाऊ बघत होते.

"हे मी उडवनार," रंभाताई म्हणाल्या. "पहिलं उड्डाण माझं."

"अगं, तुझंच तर आहे."

"तसं नको. नीट बोला. हिच्यासमोर." हिच्या म्हणजे माझ्या.

भाऊ हसले. "पहिलं उड्डाण रंभाचं. झालं?"

"झालं."

आणि त्या काही नुसत्या हौसेने बोलत नव्हत्या. लेक दिपिका पुण्याला असते, तिने कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करता येतो असा प्रोग्रॅम घालून दिला होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना रंभाताई त्यावर बसायच्या. मग फोमचं एक छोटं बॅटरीवरचं विमान घेऊन आम्ही दोघी ओहोटीच्या वेळी कळंबच्या किनाऱ्यावर जायला लागलो. सुरुवातीला ते वाळूत नाक खुपसायचं. नंतर रंभाताई त्याला हव्या त्या ठिकाणी, हव्या तितक्या हलक्या हाताने उतरवायला लागल्या.

आणि मग संग्राम आला.

संग्राम क्लबचा अध्यक्ष. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. रंभाताई शेपटीवर इस्त्री फिरवत होत्या. त्यांच्या डोक्यावरून तो भाऊंशी बोलला.

"काका, आण्णांचा वाढदिवस येतोय. मैदान आपल्याला कुणामुळे मिळतं, तुम्हाला ठाऊक आहे. आण्णांच्या शुभहस्ते तुमच्या नव्या विमानाचं उद्घाटन करू. मांडव, माईक, सगळं मी बघतो. काकी, चहा चालेल हां!"

आण्णा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आमच्याकडे शुभहस्ते काय होत नाही? गटाराचं झाकण होतं, जिमचं होतं, मागच्या वर्षी एका एटीएमचं झालं. भाऊ पेढा खाऊन म्हणाले, "चालेल की."

तो गेल्यावर रंभाताईंनी इस्त्री उभी केली. "कोन उडवनार?"

"अगं, समजून घे. एवढी माणसं असतील, तू गांगरशील. आण्णा नुसता हात लावणार, मी उडवणार. पुढच्या रविवारी दिवसभर तूच उडव."

"पुढच्या रविवारचं पहिलं नसतं."

"तू पण ना. एका उड्डाणाचं काय घेऊन बसलीस?"

रंभाताईंनी टाचण्यांची डबी उघडली. विमानाला टाचणी लागत नाही. तरी चार ओठांत धरल्या.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "नाहीच म्हणा ना सरळ. दार लावून घ्या."

"आनि मग? माझ्या मागनं नेतील. नाय गो. विमान माझं हाय. ते जाईल तिथं मी जानार."

वाढदिवस मंगळवारी होता. बॅप्टिस्टकाकांच्या टेम्पोत केळीच्या पानांवर विमान निजवून आम्ही मैदानावर गेलो. मांडवाच्या तोंडाशी हा मोठा फ्लेक्स. आण्णांचा हसरा चेहरा, खाली क्लबातल्या सगळ्यांची पासपोर्ट साइजची तोंडं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'सुधाकर घरत निर्मित विमानाचे भव्य उद्घाटन'. मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी वाचलंच होतं. आम्हाला जागा दिली महिलांच्या रांगेत, मांडवातल्या पंख्यापासून लांब.

आण्णा येईनात. विमान उघड्यावर, उन्हात. ऊन लागलं की ती फिल्म सैल पडते, पंखावर सुरकुत्या येतात. रंभाताई दोनदा उठून गेल्या, माझी छत्री पंखावर धरून उभ्या राहिल्या. दोनदा एक स्वयंसेवक येऊन म्हणाला, "मावशी, बसून घ्या, कॅमेऱ्यात येताय."

शेवटी गाड्या आल्या, फटाके वाजले, आण्णा आले. भाऊ हातात रिमोट घेऊन, नवा शर्ट घालून, लग्नातल्या नवरदेवासारखे उभे. आधी नारळ फोडला. ठीक आहे. मग एका कार्यकर्त्याला वाटलं, नव्या गाडीच्या बॉनेटवर शिंपडतो तसं शिंपडावं. त्याने अर्ध्या करवंटीतलं सगळं पाणी इंजिनावर ओतलं. दुसऱ्याने झेंडूचा हार घेऊन पंख्याला असा गुंडाळला, की नाक दिसेना. इंजिन हवा ओढतं ते भोक त्याच हाराखाली. भाऊंना हे कळत होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना कळत होतं आणि ते हसत होते.

रंभाताई उठल्या, सरळ चालत पुढे गेल्या.

"हार काढा. पाकळी आत गेली तर वरती बंद पडंल. मानसांवर येईल खाली."

माईकवरून संग्राम म्हणाला, "काकी, दोन मिनिटं बाजूला, फोटो होऊ दे. हां आण्णा, हात असा ठेवा."

"कोण आहेत या?" आण्णांनी विचारलं. खरं तर त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

भाऊ म्हणाले, "मिसेस आहेत माझ्या. त्यांनाही जरा आवड आहे."

जरा आवड आहे! मी महिलांच्या रांगेत बसले होते आणि माझे कान गरम झाले. त्या खोलीतली प्रत्येक फासळी मला माहीत होती. गोंदाने सोलवटलेली त्यांची बोटं माहीत होती, इस्त्रीचा मनगटावरचा डाग माहीत होता. जरा आवड! माझ्या शेजारची बाई विचारत होती, "काय झालं हो?" आणि मला तिच्यावरसुद्धा ओरडावंसं वाटलं.

 रंभाताई विमानाशी गुडघे टेकून बसल्या. पिशवीतून पाना काढला. पंख धडाला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. त्यांनी पहिला बोल्ट सोडवला आणि ओठांत धरला.

"रंभा, काय करतेस?" भाऊ खाली वाकले.

दुसरा बोल्ट. तोही ओठांत.

"अगं बोल ना काहीतरी! सगळे बघतायत. रंभा!"

सगळे बघतच होते. आण्णांचा हात विमानावर होता, तो त्यांनी हळूच उचलून नमस्कार केल्यासारखा जोडला. रंभाताईंनी पंख उचलून बाजूला ठेवला, हार काढून तिथल्याच एका रिकाम्या खुर्चीवर ठेवला, अगदी नीट. माईकवर संग्राम सांगत होता, "काही तांत्रिक कारणामुळे... आपण आधी केक कापून घेऊ."

"काकी, हे बरं नाही हां," तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "मैदान बंद होईल आपलं."

रंभाताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी उठले आणि धड उचललं. नाक जड होतं, नारळाच्या पाण्याने माझी साडी भिजली. पंख त्यांनी घेतला. माणसं आपोआप बाजूला झाली, एवढा लांब पंख समोरून आला की व्हावंच लागतं.

टेम्पोत बॅप्टिस्टकाका पेपर वाचत होते. "झालं एवढ्यात? माझं इंजिन चाललं का?"

रंभाताईंनी हाताने पश्चिमेकडे दाखवलं.

"कळंब," मी म्हटलं.

 पूल उतरून पश्चिमेला आलो, निर्मळचं देऊळ मागे गेलं, केळीच्या वाड्या मागे गेल्या. बॅप्टिस्टकाकांनी एकदा आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला.

ओहोटी होती. किनाऱ्याच्या टोकाला, जिथे मंगळवारी चिटपाखरू नसतं, तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. रंभाताईंनी इंजिन पुसलं. हवेच्या भोकातून चिमट्याने झेंडूच्या पाकळ्या काढल्या, एक, आणखी एक, चुरगळलेल्या, काळ्या पडलेल्या. त्या बॅप्टिस्टकाकांच्या तळहातावर ठेवल्या.

"शाबास," काका म्हणाले. "वर गेलं असतं तर पोरांच्या डोक्यावर आलं असतं."

पंख बसवला. तेव्हा कुठे बोल्ट तोंडातून निघाले. ओठांवर दोन लाल वळ उठले होते.

"मागनं शेपटी धर," त्या मला म्हणाल्या.  "मी मान हलवली की सोड."

हातमोजा घालून त्यांनी पंखा फिरवला. एकदा, दोनदा. खोकलं. पुन्हा फिरवला. आणि ते इंजिन असं कडाडलं, की पाण्याकाठचे बगळे उठले. माझ्या हातातली शेपटी थरथरत होती, वाळू उडून तोंडावर येत होती. त्या मागे गेल्या, रिमोट घेतला, मान हलवली. मी सोडलं.

ते धावलं. ओल्या वाळूवर चाकांच्या दोन रेघा उमटत गेल्या आणि मग एका जागी रेघा थांबल्या.

मला वाटलं होतं, आता त्या हसतील. हसल्या नाहीत. जबडा आवळून, डोळे आकाशात, त्यांनी ते समुद्रावरून वळवलं, आमच्या डोक्यावरून नेलं, पुन्हा वळवलं. अंगठे मात्र इतके हलके चालत होते, की राग कुठे राहतो आणि हात कुठून येतात, मला कळेना. बॅप्टिस्टकाका टोपी काढून उभे होते. "गवत कापायचं माझं," ते म्हणत होते, "गवत कापायचं."

वाऱ्याला तोंड देऊन त्यांनी ते खाली आणलं. विमानाने एकदा जरा उडी मारली, मग सरळ पळत येऊन आमच्यापासून चार पावलांवर थांबलं. इंजिन बंद केल्यावर लाटांचा आवाज एकदम मोठा झाला.

तेवढ्यात रस्त्याकडून रिक्षा आली. सुधाकरभाऊ उतरले आणि वाळूत बूट रुतवत, धापा टाकत आले. नव्या शर्टावर केकचा डाग. त्यांनी विमान बघितलं, वाळूवरच्या चाकांच्या रेघा बघितल्या, मधेच तुटलेल्या आणि पुढे पुन्हा सुरू झालेल्या.

"उडालं?" ते म्हणाले. "रंभा, कसं उडालं? उजवीकडे ओढत होतं का? वळताना कसं वाटलं?" एखादं पोर विचारतं तसं विचारत होते. मला त्यांची दया आली, आणि ती आली म्हणून स्वतःचाच राग आला.

रंभाताई विमानाशी बसल्या. पाना घेतला. पहिला बोल्ट काढून ओठांत धरला, मग दुसरा.

"रंभा?"

पंख सुटला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि टेम्पोकडे चालू लागल्या.

भाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"शेपटीकडून धरा," मी म्हटलं. "सांभाळून. वाळूत टेकवू नका."