सिस्टरांची पंचवीस मिनिटं

आमच्या गल्लीत सिस्टरांना नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. लग्न झालं तेव्हा त्या रुग्णालयात नव्यानेच लागल्या होत्या. शेजारीपाजारी "सिस्टर, जरा बघता का" म्हणत दारात येऊ लागले आणि ते ऐकून ऐकून नवऱ्याच्या तोंडातही तेच बसलं. "बायकोला सिस्टर म्हणणारा जगात मी एकटाच असेन, बाई," हा विनोद ते मला दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने सांगतात आणि मीही नव्याने हसते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्या दोघांची मी बाई. आणि सिस्टरांच्या नवऱ्याला सगळे फोरमन म्हणतात, कारण बस डेपोच्या कार्यशाळेत ते चौतीस वर्षं होते आणि त्यातली शेवटची पंधरा फोरमन म्हणून.

फोरमन निवृत्त झाले, पण डेपो त्यांच्यातून गेला नाही. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते तिचा रोग सांगतात. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं हा तर त्यांच्या लेखी गुन्हाच. या एका गोष्टीसाठी त्यांनी किती ड्रायव्हरांचे रिपोर्ट केले असतील, देव जाणे. सकाळी दूधवाल्याची गाडी कोपऱ्यावर धडधडत उभी असली की हे बनियनवरच बाहेर.

"बंद कर ते! तेल काय नळाला येतं?"

"काका, एकच मिनिट."

"एका मिनिटात काय होतं ते मला शिकवू नकोस."

सिस्टर आतून म्हणणार, "अहो, शर्ट तरी घाला."

सिस्टरांचं वर्णन करायचं तर आधी त्यांच्या दमणुकीचं करावं लागेल. हाडांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला अजून एकोणीस महिने. दोन्ही गुडघे गेलेले. सगळ्या गल्लीला गुडघ्याचे व्यायाम शिकवतात आणि स्वतः जिना उतरताना कठड्याला असं धरतात, की जणू तो कठडाच पेशंट आहे. खुर्चीत टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही; कुणीतरी हाक मारणारच, म्हणून कडेवर बसायचं. आणि हाक येतेच. "सिस्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" त्या न चिडता सांगतात. चिडायलाही अंगात जोर लागतो, असं त्या म्हणतात.

झोपेची गंमत वेगळीच. वॉर्डात यंत्रं सतत गुरगुरत, टिकटिकत असतात. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, आवाज थांबला की धावायचं, हे एकतीस वर्षांत त्यांच्या कानात इतकं मुरलं आहे, की शांततेत त्यांना झोप लागत नाही. घरी रात्र झाली, सगळं निपचित झालं की त्यांचे डोळे टक्क उघडे. याउलट खडखडाट असेल तिथे गाढ झोप. त्यांची खरी झोप म्हणजे सकाळच्या बसमधली पंचवीस मिनिटं. चढल्या की खिडकीशी बसायचं, रुमालाची घडी काचेला लावायची, त्यावर डोकं. तेवढ्या वेळात त्यांना कुणी काही विचारत नाही. "बाई, त्या पंचवीस मिनिटांवर मी अख्खा दिवस काढते हो," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मी ते बोलण्यातलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

आता गाडीची गोष्ट.

फोरमननी जन्मभर पन्नास माणसांच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि मनात मात्र दोन माणसांची गाडी बाळगली. बुटकी, दोन दारांची, शर्यतीत पळतात तशी. निवृत्त झाल्यावर ती मिळाली. सिस्टरांच्याच रुग्णालयातल्या एका सर्जनची होती. त्यांची पाठ धरली, त्यांना तिच्यात बसवेना. (ही गोष्ट तेव्हा कुणीच मनावर घेतली नाही.) गर्द हिरवी, जुनी, बरंच काम निघालेली. फोरमन चार महिने तिच्याखाली आडवे होते. मी गेले की नुसते बूट दिसायचे आणि बुटांशीच बोलावं लागायचं.

"सिस्टरांना आवडली का हो?" मी बुटांना विचारलं.

"तिच्यासाठीच तर आहे. इतकी वर्षं थंडीवाऱ्यात बसची वाट बघत उभी राहिली. आता ऐटीत जाईल."

सिस्टर दारात उभ्या होत्या. गाड्यांमधलं त्यांना काय कळतं, तर रंग. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पर्स कुठे ठेवायची?"

पहिल्या रविवारी दोघं फिरायला निघाली. गल्ली गॅलरीत. सिस्टर वाकल्या, मग आणखी वाकल्या, मग "अगं आई गं" म्हणत आत पडल्या. फोरमननी गाडी सुरू केली आणि तो आवाज, खोल, घोगरा, सगळ्या भिंतींवरून फिरला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

तासाभराने परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं?"

"झोपली." फोरमन म्हणाले. "पुलापर्यंतसुद्धा नाही पोचलो. मी सांगतोय, हा आवाज ऐक, असं इंजिन आता कुणी बनवत नाही, आणि बघतो तर ही घोरतेय. चौतीस वर्षं वाट पाहिली हो मी, बाई."

सिस्टर गाडीतून निघायच्या खटपटीत होत्या. एक पाय बाहेर, एक आत. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून नाही झोपणार. आता हात द्या."

आणि त्या खरंच झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोरमन त्यांना ड्यूटीवर सोडू लागले. बसला लागायचा त्याच्या निम्म्या वेळात गाडी पोचायची. तेवढा सगळा वेळ फोरमन व्हॉल्व्हबद्दल, गिअरबद्दल, त्या सर्जनने गाडीचे कसे हाल केले त्याबद्दल बोलायचे आणि सिस्टर डोळे ताणून "हो का? अगंबाई!" म्हणायच्या. रुग्णालयाच्या फाटकाशी पहारेकरी दार उघडायचा आणि त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढायचा. मुलीचा फोन आला की फोरमन सांगायचे, "तुझी आई गाडीत एकदम गप्प बसून ऐकते. गोडी लागली तिला."

महिना झाला. सिस्टरांचे डोळे खोल गेले. मी गुडघ्यांचं निमित्त समजत होते. मग एका दुपारी त्या ड्यूटीवरून लवकर आल्या आणि घरी न जाता माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसल्या.

"बाई, आज मी वॉर्डात झोपले."

"म्हणजे?"

"सकाळी पाळी बदलताना पेशंटची माहिती देतात ना, कुणाला काय चालू आहे, कुणाचं ऑपरेशन. उभ्या उभ्या ऐकत होते. सात नंबरपर्यंत ऐकलं. मग एकदम बारा नंबर. मधले चार पेशंट कुठे गेले मला माहीत नाही." त्यांनी हातांकडे पाहिलं. "हाताखालच्या मुलीच्या लक्षात आलं. तिने मला सगळं परत सांगितलं, कुणाला काही बोलली नाही. पण बाई, नऊ नंबरच्या आजोबांना एक औषध चालत नाही. ते त्या चारांत होतं."

मी पाणी दिलं. त्यांनी ते नुसतं धरून ठेवलं.

"फोरमनना सांगा की, मला बस हवी म्हणून," मी म्हटलं.

"कसं सांगू? चार महिने ते जमिनीवर झोपून त्या गाडीखाली होते. माझ्यासाठी, म्हणतात. खोटं नाही बोलत ते, त्यांना खरंच तसं वाटतं." त्यांनी पाणी खाली ठेवलं. "तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात."

मी शिक्षिका होते. आईवडिलांची भांडणं मुलांमार्फत आणि मुलांची आईवडिलांमार्फत मिटवण्यात माझी हयात गेली आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडून गेलेलं खरं टिकत नाही हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. फार तर मी शेजारी बसते." सिस्टर हसल्या, उठल्या, आणि अर्थातच त्यांनी सांगितलं नाही. मलाच मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. नऊ नंबरचे आजोबा माझ्या ओळखीचे नव्हते, तरी डोळ्यांपुढून जाईनात.

पण त्याच आठवड्यात गाडीचा क्लच गेला. सुटा भाग बाहेरून मागवावा लागला, आठ दिवस लागणार होते. फोरमन फाशीची शिक्षा झाल्यासारखे बसले. सिस्टर पुन्हा बसने जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. फोरमनना तेवढं दिसलं नाही. त्यांना दिसले ते बायकोचे हाल. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "एकटी कशाला जातेस? मी येतो सोबत."

त्या बसमध्ये काय झालं ते फोरमननी मला स्वतः सांगितलं.

बस त्यांच्याच डेपोतली, त्यांच्या हातून गेलेली. ड्रायव्हर त्यांना बघून ताठ झाला. कंडक्टरबाई मात्र सिस्टरांकडे बघून म्हणाल्या, "आलात? महिनाभर दिसला नाहीत, वाटलं रिटायर झालात. जागा ठेवलीय."

मागच्या चाकावरची, सगळ्यांत जास्त हादरणारी जागा. सिस्टर बसल्या, रुमालाची घडी केली, डोकं टेकलं. फोरमन शेजारी उभे. ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकेपर्यंत त्या झोपल्या होत्या. गिअर असा कळवळून ओरडला, की फोरमनच्या दातांतून कळ गेली. सिस्टरांची पापणी हलली नाही.

तेव्हा त्यांना ते दिसलं. त्या एकाच खिडकीच्या चौकटीत, रुमालाच्या मागे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून ठोकलेला होता.

"हे काय?" फोरमननी विचारलं. डेपोचा माणूस, नियमाबाहेरची वस्तू दिसली की विचारणारच.

कंडक्टरबाईंनी आवाज खाली आणला. "त्यांचं डोकं आपटायचं हो काचेवर. मी तुमच्याकडे आले होते, आठवतं का? बारा वर्षं झाली. एका खिडकीला रबर लावून द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, एका खिडकीसाठी रबर निघत नाही, सगळ्या बसचा अर्ज करा."

"कुणासाठी हवंय ते नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

रुग्णालयाचा थांबा जवळ आला तशी कंडक्टरबाईंनी तिकिटाचा पंच दांड्यावर दोनदा टकटक वाजवला. सिस्टर ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "कितवा बेड?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. रोजचे असावेत. मग सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, डोळा लागला जरा. चुकलं."

"बाई," फोरमन मला म्हणाले, "ती मला चुकलं म्हणाली. बसमध्ये झोपली म्हणून."

ते खूप वेळ माझ्या पायरीवर बसून होते. दूधवाल्याची गाडी कोपऱ्यावर धडधडत होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. शेवटी म्हणाले, "विकून टाकू का?"

"मला काय विचारता?"

त्यांनी सिस्टरांना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, गाडी विकायची नाही, चार महिने बूट बघितलेत मी, ते फुकट घालवायचे नाहीत. फक्त ड्यूटीला मी बसने जाणार. एवढी दोन वाक्यं. महिनाभर जी सांगता येत नव्हती.

नवा क्लच बसवल्यावरच्या पहिल्या रविवारी दोघं पुन्हा निघाली. फोरमननी दारातच जाहीर केलं, "झोप खुशाल. मी एक अक्षर बोलणार नाही." पण त्यांचं न बोलणं सिस्टरांना सोसेना. नवरा गप्प, म्हणजे काहीतरी बंद पडलं. चौकापर्यंत त्या टक्क जाग्या. "गाडी बिघडली का हो?"

"नाही गं."

"मग बोला ना काहीतरी. ते व्हॉल्व्हचं सांगा."

फोरमननी व्हॉल्व्हचं सांगायला घेतलं. दुसऱ्या व्हॉल्व्हला त्या झोपी गेल्या.

हे मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच: दुपारी भाजी घेऊन येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी हिरवी गाडी उभी, आणि इंजिन चालू. मला वाटलं पुन्हा काही मोडलं. खिडकीशी वाकले. सिस्टर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. त्यांचं डोकं आणि काच यांच्यामध्ये काळ्या रबराची नवी पट्टी होती, कडा नीट घासलेली. फोरमन स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि न थांबता, हलक्या आवाजात, पुटपुटल्यासारखे कार्ब्युरेटरविषयी सांगत होते.

मी बोट इंजिनाकडे केलं. हे काय, तुम्ही?

त्यांनी डोळ्यांनी सिस्टरांकडे खूण केली, ओठांवर बोट ठेवलं, आणि जिथे थांबले होते तिथून कार्ब्युरेटर पुढे चालू केला. मागून दूधवाल्याची गाडी आली. त्याने उतरून आत डोकावलं, फोरमनकडे पाहिलं, आणि तो हॉर्न न वाजवता गाडी मागे घेऊन दुसऱ्या गल्लीने गेला.