कावीळ झाली होती, असं मी सांगितलं

मागच्या उन्हाळ्यात एका बुधवारी मी दरेकसाच्या स्टेशनावर एकटीच उतरले. तिथून पुढे जंगलातल्या एका गावात मला एका बाईला भेटायचं होतं... गावाचं आणि तिचं नाव लिहीत नाही. हे लिहू का, असं तिला विचारलं आहे, माझ्या लेकीलाही विचारलं आहे; दोघी हो म्हणाल्या.

आमचे हे तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर मुंशी होते. दर उन्हाळ्यात पानांचे पुडे मोजून घ्यायला महिना-दीड महिना त्यांचा मुक्काम त्या गावात असायचा. तिथे त्यांची एक बाई आहे, हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं... आणि मी आहे, हे तिलाही.

आधी खूप भांडले. मग आमच्यात बोली झाली, तिकडचं तिकडे आणि इकडचं इकडे. मी विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी ते आजारी पडले. दवाखान्यात तपासलं तर एचआयव्ही निघाला. मग मला तपासलं, मलाही निघाला.

मी चौथी शिकलेली, पण वाचायची सवय माझी मीच लावून घेतली आहे. तिथे मिळालेली पुस्तिका मी दोनदा वाचली. ज्यांच्याशी संबंध आला त्या प्रत्येकाला तपासायला सांगा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तिथल्या समुपदेशक मुलीने विचारलंही, "काकू, काकांचा आणखी कोणाशी संबंध होता का? नाव बाहेर जात नाही." मी म्हणाले, नाही. हे खाटेवरून ऐकत होते... त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

खरं सांगते, लाज तर होतीच. पण मनात आणखी एक वाईट गोष्ट होती. हे दुखणं तिच्याकडूनच आलं असणार, मग तिला कायले सांगायचं? कोणाकडून कोणाला आलं, हे आता कोणीच सांगू शकत नाही...

ते गेले. गावात मी कावीळ सांगितली. पुण्यानुमोदनाला फडीवरचे लोक आले होते, त्यांनाही तेच सांगितलं.

मी रोज गोळी घेत राहिले, तब्येत सुधारली. दोन वर्षांनी एकदा डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "काकू, तुमचं औषध वेळेवर सुरू झालं म्हणून बरं." बसमध्ये घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तोच एक शब्द... वेळेवर. पुढच्या बुधवारी मी गाडीत बसले.

ती अंगणात बाजेवर बसून होती. यांच्या मोबाईलमधल्या फोटोतली बाई अंगाने भरलेली होती, ही तर नुसती हाडं. तिनेही माझा फोटो पाहिला असावा, मला ओळखून उठायला गेली.

"या बाई," म्हणाली. "मुंशीजीची कावीळ मलेही लागली. केव्हापासून पाला पिऊन राहिली, उतरतच नाही."

बाजूला वाटीत हिरवा रस होता. माझं खोटं ती रोज सकाळी उपाशीपोटी पीत होती...

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दवाखाना, पुस्तिका, माझं ते "नाही". तिने वाटी बाजेखाली सरकवली.

मग म्हणाली, "माणूस वाटून घेतला बाई तुम्ही. बीमारीच काऊन लपवली?"

मी एवढंच म्हणाले, "चाल, दुपारची गाडी आहे." ती म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे पाहणार नाही मी." आणि आत जाऊन लुगडं बदलून आली.

रिपोर्ट तोच आला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आहे, पण औषध लागू पडेल. पडलंही... आता ती चालते-फिरते, कामालाही जाते. पण तोवर बीमारी डोळ्यापर्यंत पोचली होती; डाव्या डोळ्याची नजर गेली, ती परत येणार नाही.

मी पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर तो डोळा राहिला असता. हे मला कोणी म्हटलेलं नाही, पण मला वाचता येतं, मला कळतं.

ज्यांच्यात अशी काही बोली ठरलेली आहे, उघड असो की मुकी, त्यांनी तपासणीचंही ठरवून घ्यावं. राग आपल्या जागी राहू द्यावा, पण निरोप पोचवावा...

तिने मला माफ केलेलं नाही, मी तसं मागितलंही नाही. पण औषधाच्या तारखेला ती आधी पोचली तर बाकावर पिशवी ठेवून माझी जागा धरते. मी येते, ती पिशवी उचलते, आणि मी तिच्या शेजारी बसते... एवढं ती मला देते, हेच माझ्यासाठी खूप आहे.